पिण्याचं पाणी कोणतं चांगलं? एका चुकलेल्या सल्ल्याची गोष्ट



पेट परीक्षा तर सुटली, आता मुलाखतीत "तुमचा संशोधन प्रश्न काय?" असं विचारलं तर काय सांगायचं, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलंय. विषय सगळ्यांकडे असतो. "मला पाण्यावर काम करायचंय", "मला मातीवर करायचंय". पण विषयापासून प्रश्नापर्यंत पोचताना भलेभले अडखळतात. मीही अडखळले. माझं अडखळणं मुलाखतीपुरतं राहिलं नाही, म्हणून आज तीच गोष्ट सांगते.

मी पाण्याच्या रसायनशास्त्रात पीएचडी करतेय हे नातेवाइकांत कळल्यापासून प्रत्येक लग्नात आणि बारशात एक प्रश्न ठरलेला असतो. "तू पाण्यावरच शिकतेस ना गं? मग सांग, प्यायला सगळ्यात चांगलं पाणी कोणतं? आर.ओ.चं, उकळलेलं, माठातलं, तांब्याच्या भांड्यातलं, की ते वीस लिटरच्या जारचं?" आता मी हसून वाढपी आला की विषय बदलते. पाच वर्षांपूर्वी मात्र मी या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. फोनवर, अर्ध्या मिनिटात.

तेव्हा मी एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. नुकताच एक स्वस्तातला टीडीएस मीटर मागवला होता आणि दिसेल त्या पाण्यात तो बुडवत सुटले होते. यवतमाळ जिल्ह्यात माझी मावशी राहते. तिच्या दाराजवळच्या हातपंपाच्या पाण्यातही बुडवला. आकडा आला ४१०. महिन्याभरानं मावशीचा फोन आला. "गावात मशीनवाला आलाय, बारा हजार सांगतो. घ्याव का नाही, तेवढं सांग." मी म्हटलं, "मावशी, तुझं पाणी ४१० आहे, मर्यादा ५०० ची असते. काही गरज नाही." त्यावर तीच म्हणाली, "आणि डाळ पण किती छान शिजते या पाण्यात. जुन्या विहिरीच्या पाण्यात शिजतच नव्हती." मी म्हटलं, "मग तर प्रश्नच मिटला."

मावशीनं मशीन घेतलं नाही. तिचा नातू तेव्हा दीड वर्षाचा होता.

गेल्या दिवाळीत गेले तेव्हा तो साडेसहा वर्षांचा झाला होता. समोरचे दुधाचे दात पडून पक्के दात आले होते. तो हसला आणि मला त्या दातांवर खडूनं आडव्या रेघा ओढल्यासारखे पांढरट पट्टे दिसले. हे चित्र मी पुस्तकात अनेकदा पाहिलं होतं, परीक्षेत त्यावर उत्तरही लिहिलं होतं. मावशीला वाटत होतं, पोरगा नीट दात घासत नाही.

मीटर नेमकं काय सांगतो

आधी त्या मीटरबद्दल बोलू, कारण तुमच्यापैकी अनेकांच्या घरी तो असणार. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार. पण मीटर क्षार मोजत नाही. तो दोन टोकांमधून पाण्याची विद्युतवाहकता मोजतो आणि तिला ०.५ ते ०.७ च्या आसपासच्या एका ठरावीक गुणकानं गुणून आकडा दाखवतो. त्या आकड्यात कॅल्शियम किती, सोडियम किती, फ्लोराईड किती, हे त्याला ठाऊक नसतं. जंतू तर त्याला दिसतच नाहीत. गटाराचं थोडं पाणी मिसळलेलं नळाचं पाणीसुद्धा मीटरवर "उत्तम" येऊ शकतं.

संशोधनाच्या भाषेत टीडीएस हा इथे प्रॉक्सी आहे. जे हवं ते मोजता येत नाही, म्हणून जे सहज मोजता येतं ते मोजायचं. प्रॉक्सी वापरण्यात पाप नाही. तुमच्याही प्रबंधात दोन-चार असतील. पण तो कशाच्या जागी उभा केलाय याचा विसर पडला की घात होतो. जागतिक आरोग्य संघटनेनं टीडीएससाठी आरोग्यावर आधारित मर्यादा ठरवलेलीच नाही. तो चवीचा मामला आहे. ६०० च्या आत चव चांगली लागते, १००० च्या वर गेलं की पाणी मचूळ लागायला लागतं. आपल्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, ५०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतं. त्याच मानकात फ्लोराईड १ मिलिग्रॅम प्रति लिटर, दुसरा स्रोत नसेल तर १.५. नायट्रेट ४५, त्यात सूट नाही. आणि ई. कोलाय १०० मिलिलिटरमध्ये एकही नको.

आता गणित करा. पाण्यात फ्लोराईड २.५ असेल, म्हणजे मर्यादेच्या अडीचपट, तर ४१० मधला त्याचा वाटा एक टक्कासुद्धा नाही. मीटरवर तो दिसणार कसा?

दुसरी गंमत पुण्यातली. आमच्या घरी खडकवासल्याचं पाणी येतं, माझ्या मीटरवर ८५. इतकं मऊ की साबणाचा फेस जाता जात नाही. तरीही बाबांनी आर.ओ. घेतलं, आणि का घेतलं तेही ऐकण्यासारखं आहे. एक विक्रेता घरी आला. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या मशीनचं. दोन्हीत धातूच्या कांड्या असलेलं एक उपकरण ठेवून त्यानं बटण दाबलं. दोन-तीन मिनिटांत नळाच्या पाण्यात मातकट-हिरवट साका तयार झाला, मशीनचं पाणी काचेसारखं स्वच्छ राहिलं. "बघा काका, रोज हे पिताय तुम्ही!" आईनं त्याच दिवशी पैसे काढून दिले.

मी सुट्टीला घरी आल्यावर तोच प्रयोग करायचं ठरवलं, फक्त तिसरा ग्लास ठेवून. त्यात आर.ओ.चंच पाणी, पण चिमूटभर मीठ टाकून. सगळ्यात जास्त घाण त्या तिसऱ्या ग्लासात झाली. कारण साधं आहे. कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यातून वीज वाहिली की लोखंड झिजतं आणि त्याचे हायड्रॉक्साइड साका म्हणून दिसतात. घाण पाण्यात नव्हतीच, ती कांडीतून आली. आर.ओ.च्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून काही दिसत नाही. तो तिसरा ग्लास म्हणजे कंट्रोल. विक्रेत्याकडे निरीक्षण होतं, तुलनाही होती, फक्त "आणखी कशामुळे असं दिसू शकेल?" हा प्रश्न नव्हता. (बाबांना मी हे सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "बरं, पण चहा छान होतो गं याच्या पाण्याचा." मी गप्प.)

म्हणजे ८५ च्या घरी मशीन आलं आणि ४१० च्या घरी आलं नाही. दोन्ही आकडे ५०० च्या आतच. जाता जाता सांगते, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं मे २०१९ मध्ये ५०० पेक्षा कमी टीडीएस असेल तिथे आर.ओ. वापरावर बंदी घालण्याचे निर्देश सरकारला दिले होते. हेतू चांगलाच होता. घरगुती आर.ओ. एक लिटर पाणी देताना साधारण दोन-तीन लिटर पाणी मोरीत सोडतं, आणि आमच्यासारख्या घरी ती निव्वळ नासाडी आहे. पण तो एकच निकष शब्दशः लावला असता तर मावशीच्या घरीही मशीनला मनाईच झाली असती. माझीच चूक, फक्त मोठ्या प्रमाणावर.

"चांगलं" म्हणजे कोणासाठी, कशाच्या तुलनेत?

"सगळ्यात आरोग्यदायी पाणी कोणतं" हा विषय आहे, प्रश्न नाही. त्याचा प्रश्न करायचा तर चार गोष्टी ठरवाव्या लागतात. पिणारा कोण, पाणी कोणतं, तुलना कोणत्या पाण्याशी, आणि आपण परिणाम कोणता बघणार, तोही किती काळात. यातली एक जरी ढिली राहिली तरी उत्तर डळमळतं.

आर.ओ.मुळे पाण्यातली खनिजं जातात, म्हणून ते वाईट, हे तुम्ही ऐकलं असेल. खरं की खोटं? आमच्या पुण्याच्या पाण्यात लिटरमागे समजा १५ मिलिग्रॅम कॅल्शियम आहे. दिवसाला दोन लिटर पाणी, म्हणजे ३० मिलिग्रॅम. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. ३० गेले काय, राहिले काय, अर्ध्या वाटीपेक्षाही कमी दुधात भरून निघतात. पण एखाद्या गावात जड पाणी आहे, लिटरमागे १०० मिलिग्रॅम कॅल्शियम, आणि घरात दूध-दही बेताचंच. तिथे २०० मिलिग्रॅम पाण्यातून मिळत होते, दिवसाच्या गरजेचा पाचवा हिस्सा. तिथे तेच मशीन खरंच काहीतरी हिरावून घेतंय. वाक्य एकच, पण एका घरी फुसकं आणि दुसऱ्या घरी वजनदार.

अल्कलाइन पाण्याबद्दलही नेहमी विचारलं जातं. जठरातलं आम्ल इतकं तीव्र असतं की प्यायलेल्या पाण्याचा पीएच तिथे टिकतच नाही, आणि रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ मध्ये स्वतःच राखतं. त्या महागड्या बाटल्यांवर मी याहून जास्त शब्द खर्च करणार नाही.

तांब्याच्या भांड्याची गोष्ट मात्र वेगळी आहे, तिथे चांगला अभ्यास झालेला आहे. २०१२ मध्ये प्रीती सुधा आणि सहकाऱ्यांनी जुलाबाचे जंतू मुद्दाम पाण्यात सोडले आणि ते पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवलं. जंतू वाढवून पाहिले तर एकही सापडला नाही, आणि पाण्यात उतरलेलं तांबं जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या, म्हणजे लिटरला २ मिलिग्रॅमच्या, कितीतरी खाली होतं. छान निष्कर्ष. पण त्यांनी दाखवलं ते एवढंच. वजन घटतं, त्वचा उजळते वगैरे त्यात कुठेही नाही. निष्कर्षाची हद्द ओळखणं ही पीएचडीतली निम्मी लढाई आहे. (आणि त्या भांड्यात लिंबूपाणी किंवा ताक ठेवू नका. आंबट पदार्थात तांबं भलतंच उतरतं.)

जड पाणी आणि हृदय: पन्नास वर्षं चाललेला गोंधळ

आता जरा लांबचं उदाहरण घेते, कारण माझ्या चुकीची मुळं मला तिथे सापडली. १९५७ मध्ये जपानमध्ये जून कोबायाशी यांनी नद्यांच्या पाण्याची आम्लता आणि त्या त्या भागातले पक्षाघाताचे मृत्यू यांचा संबंध मांडला. १९६० मध्ये अमेरिकेत हेन्री श्रोडर यांनी राज्यं आणि १६३ मोठ्या शहरांच्या आकडेवारीवरून म्हटलं, की जिथे पाणी जड तिथे हृदयविकारानं मृत्यू कमी. मग ब्रिटनमध्ये पोकॉक आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये २५३ गावं-शहरं तपासली. हवामान आणि आर्थिक स्थितीचा हिशेब वजा केल्यावरही, अगदी मऊ पाण्याच्या भागांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजारांचे मृत्यू मध्यम जड पाण्याच्या भागांपेक्षा १० ते १५ टक्के जास्त निघाले.

वाचून काय वाटतं? जड पाणी प्यावं! पण जरा थांबा. या अभ्यासांत माणूस कुठे आहे? आहेत ती शहरं. शहराचं पाणी आणि शहराचा मृत्युदर. त्या शहरात जो माणूस हृदयविकारानं गेला तो किती पाणी प्यायचा, सिगारेट ओढायचा का, दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या गावाहून आला होता का, यातलं काही माहीत नाही. समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीबद्दल निष्कर्ष काढण्याच्या या चुकीला इकॉलॉजिकल फॅलसी म्हणतात. विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० मध्येच दाखवून दिलं होतं, की अशी दोन पातळ्यांवरची नाती कधीकधी चक्क उलट्या दिशेची निघतात. त्यांच्या उदाहरणात राज्यांच्या पातळीवर परदेशात जन्मलेले लोक जिथे जास्त तिथे निरक्षरता कमी दिसत होती, आणि व्यक्तींच्या पातळीवर मात्र परदेशात जन्मलेल्यांत निरक्षरता थोडी जास्तच होती.

शेवटी ब्रिटनमध्येच २४ शहरांतल्या ७,७३५ मध्यमवयीन पुरुषांचा जो मोठा अभ्यास १९७८ ते ८० मध्ये सुरू झाला होता, त्यातल्या माणसांचा २५ वर्षं माग काढून मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. जड पाण्यामुळे हृदयाला म्हणावं असं संरक्षण दिसलं नाही. वाद पुरता मिटलाय असं नाही, मॅग्नेशियमबद्दल अजून लिहिलं जातं. पण शहरं मोजणं सोडून माणसं मोजायला लागल्यावर चित्र किती बदललं ते बघा.

याउलट जॉन स्नो. ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाची गोष्ट सगळ्यांना माहीत असते, पण १८५४ मधलं त्यांचं दुसरं काम मला जास्त आवडतं. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच रस्त्यावर, शेजारी-शेजारी घरांत गेले होते. लॅम्बेथ कंपनीनं १८५२ मध्ये आपला उपसा थेम्सच्या वरच्या, स्वच्छ भागात हलवला होता. साउथवर्क अँड वॉक्सहॉल कंपनी मात्र शहराचं सांडपाणी मिसळलेलं पाणीच उपसत होती. गरीब-श्रीमंत, हवा, घरं, सगळं सारखं, फरक फक्त पाण्याचा. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या ४०,०४६ घरांत १,२६३ मृत्यू झाले, लॅम्बेथच्या २६,१०७ घरांत ९८. दर १०,००० घरांमागे ३१५ विरुद्ध ३७. कोणाकडे कोणतं पाणी येतं हे शोधायला स्नो दारोदार फिरले, आणि जिथे घरच्यांनाच सांगता येईना तिथे नळाच्या पाण्यातल्या मिठाच्या प्रमाणावरून त्यांनी कंपनी ओळखली. यालाच म्हणतात फील्डवर्क.

आणि तुम्ही जर स्वतः प्रयोग करणार असाल, म्हणजे काही घरांना फिल्टर द्यायचा, काहींना नाही, आणि मुलांचे जुलाब मोजायचे, तर आणखी एक खड्डा आहे. ज्या आईला आपण फुकट फिल्टर दिलाय तिला आठवड्यानं जाऊन विचारलं, "बाळाला जुलाब झाले का?" तर ती काय सांगेल? बिचारी खोटं बोलत नाही, पण सौम्य त्रास तिच्या हिशेबातच येत नाही. उघड चाचण्यांत जुलाब बरेच घटलेले दिसतात. ओडिशात मात्र बुआसों आणि सहकाऱ्यांनी २,१६३ कुटुंबांत एका गटाला क्लोरीनच्या गोळ्या आणि दुसऱ्याला तशाच दिसणाऱ्या बिनकामाच्या गोळ्या दिल्या. कोणती कोणाकडे हे घरच्यांनाही माहीत नाही, विचारणाऱ्यांनाही नाही. २०१३ मध्ये निकाल आला तेव्हा दोन्ही गटांत जुलाबाचं प्रमाण जवळजवळ सारखंच होतं. अमेरिकेत आयोवामध्ये ४५६ घरांत खरी आणि नकली उपकरणं आलटून-पालटून बसवली, तिथेही फरक नाही.

म्हणजे क्लोरीन निरुपयोगी? अजिबात नाही, इथे घाई करू नका. ओडिशात अनेक घरांत गोळ्या नियमित वापरल्याच जात नव्हत्या. गोळ्या मिळालेल्या घरांतही बहुतेक नमुन्यांत क्लोरीन सापडला नाही. आणि आयोवात नळाचं पाणी आधीच शुद्ध केलेलं होतं. पुन्हा तेच: कोणतं पाणी, कशाच्या तुलनेत?

पुन्हा मावशीच्या दारात

दिवाळीहून परत येताना मी तीन बाटल्या भरून आणल्या. हातपंपाची, शाळेजवळच्या बोअरची, आणि त्या जुन्या विहिरीची, जी गावानं हातपंप आल्यावर जवळजवळ सोडून दिली होती. बाटल्या प्लास्टिकच्या घेतल्या, फ्लोराईडसाठी काच चालत नाही. प्रयोगशाळेत आयन-सिलेक्टिव्ह इलेक्ट्रोडवर मोजलं. हातपंप २.६. बोअर १.९. जुनी विहीर ०.६.

विहिरीचा टीडीएस? ६९०. पाणी इतकं जड की कठीणपणा ४२० आला. माझ्या जुन्या नियमानं ते पाणी नापास.

आता डाळीकडे या. पाण्यात कॅल्शियम भरपूर असलं की डाळ शिजत नाही, हे मावशीला माझ्याआधी माहीत होतं. पण कॅल्शियम आणि फ्लोराईड एकत्र आले की कॅल्शियम फ्लोराईड बनतं आणि ते पाण्यात फारसं विरघळत नाही. म्हणून कॅल्शियम जास्त असलेल्या भूजलात फ्लोराईड फार चढू शकत नाही. उलट सोडियम-बायकार्बोनेटचं, कॅल्शियम कमी असलेलं "मऊ" पाणी खडकातलं फ्लोराईड खुशाल धरून ठेवतं. डाळ छान शिजते ही खूण माझ्या दृष्टीनं दिलाशाची होती. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड हे फ्लोरोसिसचे माहीत असलेले जिल्हे. त्या जिल्ह्यात ती खूण धोक्याची होती, आणि हे मी दोन वेगवेगळ्या पेपरांत वेगवेगळं शिकले होते. एकत्र कधी मांडलंच नाही.

त्या पोराच्या दातांना माझा सल्ला कारण झाला का? समोरच्या पक्क्या दातांचं एनॅमल पहिल्या तीन-चार वर्षांत घडतं. दीड वर्षाचा होईपर्यंत तो तेच पाणी पीत होता, मग माझा फोन झाला आणि पुढेही तेच पाणी. मशीन घेतलं असतं तर त्याचा पडदा वेळेवर बदलला गेला असता का, ठाऊक नाही. एका मुलावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. हे वाक्य मी मार्गदर्शकांसमोर ठामपणे म्हणू शकते. मावशीसमोर नाही म्हणता आलं.

दातांचे पट्टे दिसण्यापुरते असतात. पण असं पाणी वर्षानुवर्षं पोटात गेलं तर सांधे आणि हाडं धरायला लागतात. आणि घरात आता अडीच वर्षांची धाकटी नात आहे.

मग विहिरीचं पाणी प्यायचं? एच.टू.एस. बाटलीची चाचणी केली. १९८२ मध्ये मांजा आणि सहकाऱ्यांनी ही सोपी पद्धत दिली, पाणी भरून ठेवायचं आणि ते काळं पडलं तर मैल्याच्या जंतूंची शंका. हातपंपाची बाटली तशीच राहिली, विहिरीची दुसऱ्या दिवशी काळी झाली. म्हणजे एका पाण्यात फ्लोराईड, दुसऱ्यात जंतू. बांगलादेशात याच पेचाची फार मोठी किंमत मोजली गेली. तळ्यांच्या पाण्यातले जंतू टाळायला १९७० च्या दशकापासून तिथे ट्यूबवेल खोदल्या गेल्या, आणि १९९० च्या दशकात कळलं, की त्यातल्या असंख्य विहिरींत आर्सेनिक आहे. जंतूंचा परिणाम दोन दिवसांत दिसतो, आर्सेनिकचा दहा वर्षांनी. पुढे तपासणी करून नळकूप लाल आणि हिरवे रंगवावे लागले.

मी मावशीसाठी प्रश्न असा लिहिला: अडीच वर्षांच्या मुलीसाठी, या गावात मिळणाऱ्या तीन पाण्यांपैकी, घरी करता येईल एवढी प्रक्रिया करून, पुढची दहा वर्षं रोज पिता येईल असं पाणी कोणतं? असा लिहिल्यावर उत्तर फार अवघड राहिलं नाही. जंतू घरी मारता येतात, पाणी उकळून किंवा क्लोरीननं. फ्लोराईड उकळून जात नाही, उलट पाणी आटलं की त्याचं प्रमाण वाढतं. ते काढायला आर.ओ. किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिना लागतं, नाहीतर तुरटी-चुन्याची नालगोंडा पद्धत, जी नागपूरच्या नीरीनं विकसित केली. यातलं प्रत्येक रोज कोणीतरी नीट सांभाळावं लागतं, आणि मावशीकडे वीज दिवसातून चार-पाच तास जाते. विहिरीत नायट्रेट ३१ निघालं, ४५ च्या आत. म्हणून जुनी विहीर, टीसीएल पावडर टाकून, आणि ओटी टेस्ट रोज. जलसुरक्षकाशी बोलले. तो म्हणाला, "ताई, विहिरीचं पाणी कोणी भरत नाही म्हणून आम्ही टाकणं सोडलं." आता सात-आठ घरं भरतात.

तुमच्या गावाचा नमुना तपासायचा असेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा असते. बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा, जंतूंच्या चाचणीची निर्जंतुक बाटली मात्र विसळायची नाही. तारीख आणि स्रोत लिहायला विसरू नका. आणि एकदाच मोजून थांबू नका, पावसाळ्यानंतरचं पाणी आणि मे महिन्यातलं पाणी एक नसतं. मीही मे महिन्यात पुन्हा तिन्ही बाटल्या भरणार आहे.

मागच्या आठवड्यात मावशीचा फोन आला होता. "पाण्याचं सगळं ठीक, पण डाळ शिजत नाही गं." मी म्हटलं, रात्री भिजत घाल आणि कुकरच्या दोन शिट्ट्या जास्त होऊ दे. ती म्हणाली, "हे नक्की ना? का पाच वर्षांनी बदलशील?"